बाईची रजा आणि आपले एहसान

रमजानचा शेवटचा आठवडा लागला की कपडे, शेवया आणि फितरा यांच्या बोलण्यात आणखी एक विषय हळूच येतो. ‘बाई ईदला येणार आहे ना?’ ज्या घरात लहान मूल आहे आणि नवरा-बायको दोघेही नोकरी करतात, तिथे तर हा प्रश्न चांद कधी दिसणार याइतकाच महत्त्वाचा असतो. मीरा रोड असो, मुंब्रा-कौसा असो की पुण्याचं कोंढवा, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी मुसलमानांचा एक शिकलेला, पगारदार वर्ग या वस्त्यांमध्ये उभा राहिला आहे. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या. सासू गावाकडे राहिली, आई भावाकडे राहिली आणि फ्लॅटमधलं मूल एका तिसऱ्याच बाईच्या हाती आलं. मूल तिला कुठे खाला म्हणतं, कुठे मावशी, कुठे आपा. आपण बाहेर बोलताना ‘बाई’ म्हणतो आणि तिच्यासमोर ‘तुम्ही तर घरच्याच’ असं म्हणतो.

या घरच्या माणसाला सुट्टी हवी असते तेव्हा काय होतं, त्याबद्दल आज लिहायचं आहे.

बहुतेक घरांत बाईच्या रजेचा नियम ठरलेलाच नसतो. कामावर ठेवताना पगार ठरतो, वेळ ठरते, जेवण-चहा ठरतो. रजेचं विचारलं तर ‘अडीअडचणीला आम्ही नाही म्हणत नाही’ असं उत्तर मिळतं. उत्तर ऐकायला छान आहे. पण त्याचा अर्थ असा की रजा तिच्या हक्काची नाही, आपल्या मर्जीची आहे. तिने मागायची, कारण सांगायचं, कारण आपल्याला पटायला हवं, मग आपण द्यायची. आणि दिली की तो एहसान होतो. महिना-दोन महिन्यांनी रविवारी बोलावलं आणि तिने तोंड वाकडं केलं, की हा एहसान बाहेर निघतो. ‘मागे चार दिवस गावाला गेलात तेव्हा आम्ही काही बोललो का?’

एकाच बाजूची वही

मूल सांभाळणारी बाई आणि घर यांच्यात देवाणघेवाण सतत चालू असते. मुलीच्या फीसाठी उचल, नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी हातउसने, जुना मोबाईल, जुने पण चांगले कपडे, आधार कार्डातली चूक दुरुस्त करायला फॉर्म भरून देणं, दवाखान्यात ओळखीच्या डॉक्टरला फोन. हे सगळं आपण करतो आणि ते चांगलंच आहे. तिच्या घरात शिकलेलं, चार ठिकाणी ओळख असलेलं माणूस बऱ्याचदा नसतं. तिच्या दृष्टीने आपण म्हणजे बँक, तलाठी कार्यालय आणि वकील, तिन्ही असतो.

आता दुसरी बाजू पाहा. ऑफिसातून निघायला उशीर झाला म्हणून ती साडेसहाऐवजी साडेआठपर्यंत थांबते. मुलाला ताप आहे म्हणून रात्री राहते. पाहुणे आले की मूल सांभाळता सांभाळता कांदा चिरून देते, पोळ्या लाटते, जे तिचं काम नाही. आपण लग्नाला बाहेरगावी जातो तेव्हा मुलाच्या मागे धावायला तिला सोबत नेतो आणि तिला वाटावं की ही सहलच आहे. घराची किल्ली तिच्याकडे असते. आपल्या नवरा-बायकोच्या भांडणातलं एक अक्षर ती बाहेर बोलत नाही. मूल पहिल्यांदा चाललं ते तिच्यासमोर, आणि हे सांगितलं तर आईला वाईट वाटेल म्हणून ती गप्प बसते आणि संध्याकाळी ‘बघा भाभी, आज चालणार बहुतेक’ म्हणून मुलाला उभं करते.

दोन्ही बाजू देतात. पण वहीत नोंद एकाच बाजूची होते. आपण दिलेल्या गोष्टींना किंमत असते, कारण त्या पैशात मोजता येतात. पाच हजार उचल, दोन हजारांचा मोबाईल. तिने दिलेल्या गोष्टींना आपण ‘माया’ असं नाव देतो आणि मायेचा हिशोब करायचा नसतो! ती पाच हजार विसरू शकत नाही, कारण ते पगारातून कापले जाणार आहेत. तिचे दोन तास मात्र आपण जिना उतरेपर्यंत विसरतो.

साधं गणित करून पाहू. समजा पगार 12,000 रुपये आहे. तीस दिवसांनी भागलं की दिवसाला 400. महिन्यात तिचे दोन खाडे झाले, तर 800 रुपये कापायला कुणालाही अवघड जात नाही. तेवढं गणित सगळ्यांना येतं. त्याच महिन्यात ती दहा संध्याकाळी दोन-दोन तास जास्त थांबली. वीस तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर अडीच दिवस, म्हणजे 1,000 रुपये. हे गणित किती घरांत होतं? खाडे कापून तिच्या हातात 11,200 पडतात आणि वर आपल्याला वाटतं की आपण जुना ड्रेस दिला, म्हणजे आपलंच देणं जास्त झालं.

मला वाटतं दोष कुणाच्या स्वभावात नाही. याच घरांत मनाने चांगली माणसं राहतात. दोष हा आहे की हक आणि एहसान या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकाच डब्यात ठेवल्या आहेत.

अल्लाहच्या हिशोबात दूध पाजण्याचीही मजुरी आहे

मुसलमान वाचकांना ही गोष्ट नवी वाटायला नको. दाई आणि घर यांचं नातं आपल्या परंपरेच्या अगदी सुरुवातीला आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांचं बालपण बनू साद कबिल्यातल्या हलीमा यांच्याकडे गेलं. मक्केतली चांगली घरं आपली तान्ही मुलं वाळवंटातल्या बायकांकडे सोपवत आणि त्या बायका कामाच्या शोधात शहरात येत. सीरतच्या जुन्या ग्रंथांमध्ये एक बारीक तपशील आहे, जो मिलादच्या बयानांमध्ये घाईत सांगितला जातो. या मुलाला घ्यायला आधी कुणी दाई तयार नव्हती. कारण तो यतीम होता. दाईला जे काही मिळायचं ते मुलाच्या बापाकडून, आणि इथे बापच नव्हता. हलीमा यांनाही दुसरं मूल मिळालं नाही आणि रिकाम्या हाताने परतायचं नव्हतं, म्हणून त्यांनी हे मूल घेतलं.

म्हणजे या नात्यात पोटाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता आणि तो सांगताना सीरत लिहिणाऱ्यांना लाज वाटली नाही. नंतर या नात्यात माया आली, ती त्या प्रश्नाला दडपून आलेली नाही.

कुरआन तर याहून स्पष्ट आहे. सूरह बकरहच्या 233व्या आयतीत मुलाला दाईकडून दूध पाजून घ्यायला परवानगी आहे, पण तिचा ठरलेला मोबदला रीतसर देण्याच्या अटीवर. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत तर तलाक झालेल्या आईने स्वतःच्याच मुलाला दूध पाजलं, तरी बापाने तिला त्याचा मोबदला द्यावा असं सांगितलं आहे आणि हे आपसांत भल्या रीतीने बोलून ठरवा असंही. आईचं दूध! यापेक्षा मायेचं काम जगात कोणतं असेल? तिथेही ‘माया आहे, मग पैशाचं काय बोलायचं’ अशी पळवाट ठेवलेली नाही.

एहसानाबद्दल याच बकरह सूरहमध्ये 264वी आयत आहे. दिलेलं दान बोलून दाखवून आणि मन दुखावून वाया घालवू नका, असा तिचा आशय. आपण तिला सदक्यापुरती धरतो. ‘मागे चार दिवस गावाला गेलात तेव्हा’ हे वाक्य तिच्यात बसतं की नाही, हे ज्याने त्याने पाहावं.

आणि एहसान कुणी लक्षात ठेवायचा, याचाही नमुना आपल्याकडे आहे. दुष्काळाच्या एका वर्षी हलीमा मक्केला आल्या, तेव्हा पैगंबरांनी आणि हजरत खदीजा यांनी त्यांना चाळीस मेंढ्या आणि एक उंट दिल्याची रिवायत आहे. पुढे हुनैनच्या लढाईनंतर कैद्यांमध्ये हलीमा यांची मुलगी शैमा होती. तिची ओळख पटल्यावर पैगंबरांनी आपली चादर अंथरून तिला बसवलं. तेव्हा ते अरबस्तानातल्या मोठ्या सत्तेचे प्रमुख होते आणि ती एका हरलेल्या कबिल्याची बाई. इथे उपकार बोलून दाखवणारी हलीमा नाहीत, शैमाही नाही. ज्याला सांभाळलं, त्याने ते लक्षात ठेवलं. आपल्या घरात याच्या उलट चालतं. जिने सांभाळलं, तिलाच आठवण करून दिली जाते की तुझ्यावर आमचे किती उपकार आहेत.

‘हिशोब आला की जिव्हाळा गेला’

हा आक्षेप मी खूप ऐकला आहे. रजा, तास, जादा काम असं सगळं कागदावर आणलं तर घराची कंपनी होईल, मग ती घड्याळ पाहून मूल खाली ठेवेल.

याला उत्तर देताना पुन्हा बकरह सूरहच उघडावी लागते. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, 282वी, कशावर आहे? नमाजवर नाही, हजवर नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असं तिथे बजावलं आहे. मुख्य म्हणजे मजकूर कुणी सांगायचा, तर ज्याच्यावर देणं आहे त्याने. कमजोर बाजूच्या तोंडून हिशोब लिहिला जावा, म्हणजे तिला न कळता तिच्या नावावर काही चढणार नाही. आता आपल्या स्वयंपाकघरातली उचलीची वही आठवा. ती कुणाच्या हाताने लिहिली जाते आणि बाईला ती वाचून कधी दाखवली जाते का?

लिहिल्याने जिव्हाळा जात नाही, संशय जातो. ‘भाभी, माझे दोन हजारच राहिले होते’ आणि ‘नाही, तीन होते’ या बोलण्यात जितका जिव्हाळा जातो, तितका वहीने कधी जात नाही.

घराची कंपनी होईल ही भीतीही एकतर्फीच आहे. खाडे कापताना आपण कंपनीच असतो. जादा थांबवताना तेवढे घर होतो.

कायद्याच्या दारात

भाभी ज्या कंपनीत काम करते, तिथे तिची रजा कुणाच्या मर्जीवर नाही. ठरावीक संख्येने माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आहे, वर्षाला आठ दिवस भरपगारी किरकोळ रजा आहे, आठ सणावारांच्या भरपगारी सुट्ट्या आहेत, शिवाय साठवता येणारी रजा वेगळी. पहिल्या दोन मुलांसाठी केंद्राच्या कायद्यानुसार 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे. याच 26 आठवड्यांनंतर ती कामावर परत जाते आणि मूल बाईच्या हाती देते. त्या बाईला मात्र यातलं काहीच लागू होत नाही, कारण घर हे आस्थापना नाही.

महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, हे आपल्या राज्याला भूषणावह आहे. पण त्यातून नोंदणी, ओळखपत्र आणि काही योजना मिळतात. आठवड्याची सुट्टी त्यातून मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2011 साली घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार केला. त्यात आठवड्यातून सलग 24 तासांची विश्रांती आहे. मालकाच्या हाकेला तयार राहून घालवलेला वेळ, म्हणजे मुलाच्या खोलीत अर्धवट झोपून काढलेली रात्र, कामाचा वेळ मानायची तरतूदही आहे. भारताने तेव्हा कराराच्या बाजूने मत दिलं, पण त्याला मान्यता देऊन तो स्वतःवर लागू करून घेतलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला घरेलू कामगारांसाठी कायदेशीर चौकट तपासायला समिती नेमण्यास सांगितलं. म्हणजे अजून आपण तपासण्याच्याच टप्प्यावर आहोत.

ही मागणी काही आजची नाही. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला होता. पगारवाढीबरोबर भरपगारी रजा त्यांच्या मागण्यांमध्ये होती. त्याच लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. चाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला आणि रजेचा प्रश्न अजून प्रत्येक दाराआड वेगळा सुटतो किंवा सुटत नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. पण कायदा नाही म्हणून हक नाही, असं म्हणायची सोय मुसलमानाला नाही. कामगाराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपण भाषणांमध्ये सांगतो. तुमच्या हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, त्यांच्या ताकदीबाहेरचं काम सांगू नका आणि सांगितलंच तर स्वतः हात लावा, हीदेखील सांगतो. त्यासाठी दिल्लीच्या समितीची वाट पाहायची गरज नाही.

ईदची रजा कुणाची?

आता खास आपल्या घरातल्या एका गोष्टीकडे येतो. मुस्लिम घरात मुस्लिम बाई कामाला असेल, तर ईद दोघींचीही असते. आपल्याकडे पाहुणे येणार, मूल नव्या कपड्यांत सांडणार, म्हणून आपल्याला ती त्याच दिवशी जास्त हवी असते. पण तिच्या घरीही मुलं नवे कपडे घालून आईची वाट पाहत असतात. रमजानभर तीही रोजा धरते. आपली इफ्तारी होऊन, तरावीह होऊन घर शांत होईपर्यंत ती थांबते आणि पहाटे आपल्या घरी सहरीला उठते. ईदच्या दिवशी ‘फक्त दुपारपर्यंत या’ असं आपण म्हणतो. नमाजनंतर शिरखुर्मा खायची, गळाभेटीची वेळ तीच असते. दुपारनंतर ईदचं काय उरतं? मग आपण ईदी म्हणून पाचशेची नोट देतो आणि आपल्याला वाटतं की भरपाई झाली.

हिंदू घरांमध्ये काम करणाऱ्या मुस्लिम बायकांची गोष्ट आणखी अवघड आहे. मुंबई-पुण्यात काम मिळावं म्हणून काही बायका नाव बदलून सांगतात, हे वर्तमानपत्रांतून अनेकदा येऊन गेलं आहे. जिने आपलं नाव लपवलं, ती ईदची सुट्टी कशी मागणार? ती नणंदेला दवाखान्यात दाखल करते. आणि पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा कुणीतरी आजारी पडतं. मग घरातली माणसं म्हणतात, या बायका फार खोटं बोलतात. खरं बोलायला जागा ठेवली नाही, तर माणूस खोटंच बोलणार.

याच शहरांत चांगलंही घडतं आणि तेही सांगायला हवं. नाव न लपवता काम करणारी बाई दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आनंदाने थांबते आणि ईदला दोन दिवस हक्काने घेते. मुस्लिम घरात काम करणारी बौद्ध मावशी 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला येत नाही, पण ईदच्या दिवशी मूल सांभाळते. सणांची अशी अदलाबदल महाराष्ट्राच्या घराघरांत कुणी भाषण न करता चालू आहे. ती टिकते, कारण दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असतं की कुणाला काय मिळणार. एहसानाची देवाणघेवाण अशी असावी. बोलून ठरलेली, दोघांनी मोजलेली आणि दोघांना परवडणारी.

यात एक लहानशी पण खरी अडचण आहे. रमजान ईद चांद दिसण्यावर असते, म्हणून तारीख एक दिवस मागेपुढे होते. बाई ‘बुधवार नाहीतर गुरुवार’ म्हणते तेव्हा ती घोळ घालत नसते. दोन दिवस मोकळे ठेवा, एवढंच तिचं म्हणणं असतं. बकरी ईदची तारीख मात्र महिन्याचा चांद दिसताच दहा दिवस आधी कळते. तेव्हा ऐनवेळची तक्रार दोन्ही बाजूंनी चालू नये.

बाईची रजा नेमकी कुणाच्या रजेतून जाते?

भाभीवर सगळा ठपका ठेवून हा लेख संपवणं सोपं होतं. पण ते खरं नाही. बाई आली नाही की घरात रजा कोण टाकतं? बहुतेक घरांत मुलाची आईच. तिच्या आठ किरकोळ रजा बाईच्या आठ खाड्यांत जातात आणि मार्च महिन्यात स्वतःला ताप आला, तर तिच्याकडे एकही रजा उरलेली नसते. ऑफिसात ‘हिचं नेहमीचंच’ असं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून बाईचा ‘उद्या येत नाही’ असा फोन येताच तिचा आवाज चढतो. आपण पाहतो ते भांडण दोन बायकांचं असतं. एकीला मुळात रजाच नाही आणि दुसरीची रजा पहिलीवर खर्च होते. या सगळ्यात घरातला पुरुष तयार होऊन, टिफिन घेऊन वेळेवर निघालेला असतो.

बाईला महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या असतील, तर त्यातल्या दोन बापाने सांभाळाव्यात. हे ठरल्याशिवाय बाईच्या रजेची कोणतीही सुधारणा टिकणार नाही, कारण तिचा सगळा भार पुन्हा आईवरच पडेल. पैगंबर घरात आपलं काम आपण करत, घरच्यांना कामात मदत करत, ही हजरत आयेशा यांची रिवायत आपल्या पुरुषांना पाठ असते. ती रविवारी सकाळी मूल रडताना आठवावी.

बायकांच्या बाजूनेही काही चुका होतात. न सांगता खाडा करणं, उचल घेऊन काम सोडणं, चार दिवसांचं सांगून दहा दिवस गावाला राहणं. आईचं काम त्याने खरोखर अडतं, कधी नोकरीवर येतं. हक सांगताना जबाबदारीही सांगावी लागते. पण माझा अनुभव असा आहे की जिथे रजा ठरलेली असते, तिथे कळवण्याची सवय आपोआप लागते. मागून मिळण्याची खात्री नसलेली गोष्टच माणूस न सांगता घेतो.

जकातीच्या आधी

रमजानमध्ये आपल्याकडे आणखी एक सोयीची चाल आहे. बाईला ईदचा बोनस म्हणून जी रक्कम द्यायची, तीच जकातीत धरायची. एका नोटेत दोन कामं. फिकहमध्ये यावर स्पष्ट सांगितलं आहे की जकात मजुरीच्या बदल्यात देता येत नाही. बाई हकदार असेल तर तिला जकात जरूर द्यावी, ती जवळची आहे, तिची परिस्थिती आपल्याला ठाऊक आहे. पण ज्या पैशाच्या जोरावर आपण तिच्याकडून जादा काम करून घेतो किंवा जो तिचा ठरलेला बोनसच आहे, तो जकात होत नाही. तो तिचा पैसा आहे. गैरमुस्लिम बाईला जकात चालते का, हा प्रश्न मौलानांना दरवर्षी विचारला जातो. आजारपणाचे तिचे खाडे कापलेले चालतात का, हा प्रश्न विचारलेला माझ्या ऐकण्यात नाही.

फार मोठ्या गोष्टी करायच्या नाहीत. महिन्याला चार सुट्ट्या ठरवाव्यात, न मागता मिळणाऱ्या. तिच्या धर्माचे सण तिला विचारून वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खूण करून ठेवावेत. आजारपणाचे काही दिवस भरपगारी असावेत. जादा थांबल्याचे तास तिच्यासमोर लिहावेत आणि महिनाअखेरीला पैसे किंवा रजा, तिला हवं ते द्यावं. उचल वेगळ्या पानावर लिहावी, तिला वाचून दाखवावी आणि रजेच्या बोलण्यात तिचा उल्लेख करू नये. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, हे तर कुरआननेच सांगितलं आहे. एवढं झाल्यावर आपल्याला जे द्यावंसं वाटेल ते खुशाल द्यावं. फी भरावी, मोबाईल द्यावा, तिच्या मुलीला दहावीचं गणित शिकवावं. तो मग खरा एहसान असेल, कारण त्याच्या बदल्यात काही मागायचं उरलेलं नसेल.

या वर्षी जकातीचा हिशोब करायला बसाल, तेव्हा एक गोष्ट करून पाहा. आपल्याकडच्या हिशोबात देणी आधी वजा करतात, मग उरलेल्यावर जकात काढतात. घराचा हप्ता, दुकानदाराची उधारी, भावाचे हातउसने असं सगळं आपण लिहितो. त्याच यादीत बाईचे या वर्षातले जादा तास आणि कापलेले खाडे लिहा. रक्कम फार मोठी निघणार नाही. पण निघेल ती देणं म्हणून ईदच्या आधी तिच्या हाती द्या, आणि देताना ती कशाची आहे हे तिला सांगा.